शेताला लागून घर घेताना: न्यू जर्सीचा ‘राइट टू फार्म’ कायदा

घराच्या तपासणीत आम्ही छप्पर, पाया, फर्नेस, सेप्टिक बघतो. कुंपणापलीकडचं शेत त्या अहवालात येत नाही. पण हंटरडन, सॉमरसेट, मर्सर, मॉनमथ या काउंट्यांत आणि मिडलसेक्सच्या दक्षिण भागात घर घेणाऱ्या ग्राहकांचे ताबा मिळाल्यानंतरचे प्रश्न बरेचदा त्या शेताबद्दलच असतात. खताचा वास, पहाटेची फवारणी, रात्री अकराला चालणारं कापणीचं यंत्र. टाउनशिपला सांगून हे बंद करता येईल का? बहुतेक वेळा नाही.

कायदा कोणाला संरक्षण देतो

‘राइट टू फार्म’, म्हणजे शेती करण्याच्या हक्काचा, हा कायदा 1983 चा. 1998 च्या दुरुस्तीने तो शेतकऱ्याच्या बाजूने आणखी पक्का झाला. अटी पाळणारी व्यावसायिक शेती कायद्याच्या नजरेत ‘उपद्रव’ ठरतच नाही, आणि हे गृहीतक पुरावे आणून खोडता येत नाही. टाउनशिपच्या आवाजाच्या किंवा झोनिंगच्या नियमांपेक्षाही ते वरचढ ठरू शकतं. फ्रँकलिन टाउनशिप विरुद्ध डेन हॉलंडर या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हे मान्य केलं. मात्र निर्णय देणाऱ्या काउंटीच्या शेती मंडळाने टाउनशिपचं म्हणणंही तोलून पाहायला हवं, असंही बजावलं.

संरक्षण सरसकट नाही. ‘व्यावसायिक शेत’ ठरायला जमीन किमान 5 एकर, वर्षाचं उत्पादन किमान 2,500 डॉलरचं आणि जमीन फार्मलँड असेसमेंटच्या करसवलतीला पात्र हवी. 5 एकरांपेक्षा कमी जमीन असेल तर उत्पादन 50,000 डॉलरचं लागतं. त्यावर झोनिंगची अट: 31 डिसेंबर 1997 रोजी किंवा त्यानंतर तिथे शेतीला परवानगी असली पाहिजे, नाहीतर जुलै 1998 मध्ये दुरुस्ती लागू झाली तेव्हा ते शेत चालू असलं पाहिजे. राज्याचे आणि केंद्राचे कायदे पाळणं, मान्य शेतीपद्धतीने काम करणं आणि लोकांच्या आरोग्याला थेट धोका न होणं, याही अटी आहेत. यातली एक जरी तुटली तरी कवच गळतं. म्हणून शेजाऱ्याने अर्ध्या एकरात हौसेने पाळलेल्या डझनभर कोंबड्यांना हा कायदा लागत नाही; तिथे टाउनशिपचाच नियम चालतो.

कशाची तयारी ठेवायची

वास वसंतात सर्वांत जास्त, कारण पेरणीआधी खत पडतं. गावाकडे शेणखताचा वास आपल्याला नवा नाही, पण कोंबडखताची गोष्ट वेगळी. त्यातला अमोनिया नाकात भरतो. खत लगेच मातीत मिसळलं तर वास लवकर उतरतो, वरच पसरून ठेवलं तर रेंगाळतो. वारा पडलेल्या संध्याकाळी थंड हवा खोलगट भागात साचते आणि वासही तिथेच थांबतो. त्यामुळे उतारावरचं तळाचं घर आणि माथ्यावरचं घर यांचा अनुभव एकाच रस्त्यावर निराळा असतो. उन्हाळ्यात इथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, हिवाळ्यात वायव्येकडून. म्हणजे शेत घराच्या नैर्ऋत्येला असेल तर नेमका खिडक्या उघड्या ठेवण्याच्या दिवसांत वास आत येणार.

फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी उशिरा होते, कारण तेव्हा वारा कमी असतो आणि मधमाश्या कामावर नसतात. शेतकरी मुद्दाम झोपमोड करतो असा समज करून घेऊ नका. फळबागेत एप्रिल-मेच्या थंड रात्री पारा गोठणबिंदूकडे सरकला की मोहर वाचवायला मोठे पंखे लावतात. त्यांचा आवाज हेलिकॉप्टरसारखा असतो आणि तो नेमका मध्यरात्रीनंतर सुरू होतो. मका, ब्लूबेरी, द्राक्षं यांच्या शेतात पक्षी उडवायला प्रोपेनच्या बंदुका वाजतात. त्याखेरीज धूळ, सिंचनाचे पंप, शरद ऋतूत भोपळे तोडायला आणि मक्याच्या भुलभुलैयात हिंडायला येणाऱ्यांच्या गाड्या.

हरणांच्या मोसमातले गोळीबाराचे आवाज मात्र या कायद्यात शोधू नका. तो शिकारीचा नियम आहे: बंदुकीने शिकार करणाऱ्याने राहत्या घरापासून 450 फूट दूर राहायचं.

सही करण्याआधी काय तपासायचं

काउंटीच्या कर-नोंदीत शेजारच्या प्रत्येक भूखंडाचा वर्ग बघा. 3बी म्हणजे करसवलत घेणारी शेतजमीन, 3ए म्हणजे शेतावरचं घर, 2 म्हणजे साधं निवासी. ‘मागे मोकळी जागा आहे’ असं एजंट म्हणाला आणि नोंदीत 3बी दिसलं, तर ती मोकळी जागा नाही, कोणाचं तरी शेत आहे.

त्यानंतर ते शेत ‘प्रिझर्व्हड’, म्हणजे शेतीसाठीच राखलेलं, आहे का, हे काउंटीला विचारा. असेल तर शेतीचा करार जमिनीसोबत कायम चालतो आणि तिथे वसाहत होणार नाही. अनेक ग्राहक एवढ्यावर खूश होतात. पण प्रिझर्व्हड म्हणजे दृश्य जपलेलं, असा अर्थ नाही. आज गवत असलेल्या ठिकाणी उद्या ग्रीनहाऊस, गोठा किंवा भाजी विकण्याची शेड येऊ शकते.

टाउनशिप क्लार्ककडे स्थानिक राइट टू फार्म नियमाची प्रत मागा. काही ठिकाणी खरेदीदाराला शेतीची लेखी सूचना देणं त्यात बंधनकारक आहे. तो कागद क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण करतानाच्या, गठ्ठ्यात असतो आणि आपण सही करून मोकळे होतो. करारानंतरचे कामकाजाचे 3 दिवस वकिलाच्या तपासणीचे असतात. शेताबद्दलचे प्रश्न वकिलामार्फत तेव्हाच विचारा, नंतर ते विचारण्याचं बळ तुमच्याकडे उरत नाही.

घराला स्वतःची विहीर असेल तर विक्रीच्या वेळी पाण्याची तपासणी कायद्याने करावीच लागते. शेताशेजारी नायट्रेटचा आकडा आधी बघा. मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडली तर तान्ह्या बाळासाठी गंभीर आहे. वसाहतच जुन्या फळबागेवर उभी असेल तर मातीत लेड आर्सेनेट या जुन्या कीटकनाशकाचं शिसं आणि आर्सेनिक अजून असू शकतं. पर्यावरण खात्याच्या नकाशावर 1930 च्या दशकातले हवाई फोटो आहेत. त्यात ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या की तिथे बाग होती असं समजा आणि वरच्या 6 इंच मातीचे नमुने तपासून घ्या.

तक्रार करायचीच असेल तर

आधी शेतकऱ्याशी बोला. खत कधी पडणार हे कळलं तर त्या शनिवारी मुंजीचं जेवण अंगणात ठेवायचं नाही, एवढं तरी ठरवता येतं. बोलून जमलं नाही, तर राज्याच्या शेती विकास समितीकडून, म्हणजे एसएडीसीकडून, मोफत मध्यस्थी मिळते; मात्र दोघांची तयारी लागते.

त्यापुढे औपचारिक तक्रार. ती कोर्टात जाण्याआधी काउंटीच्या शेती मंडळाकडे, सीएडीबीकडे, करावीच लागते. जिथे असं मंडळ नाही तिथे थेट एसएडीसीकडे. थेट दावा लावणाऱ्यांचं इथेच चुकतं: वकिलाची फी जाते आणि प्रकरण मंडळाकडे परत येतं. शेत कायद्याच्या अटींत बसतं का, हे मंडळ आधी तपासतं. वादातल्या कामासाठी राज्याची ठरलेली पद्धत असेल तर मंडळाने सुनावणी घेऊन 60 दिवसांत निष्कर्ष द्यायचा असतो. नसेल तर ते काम सर्वमान्य शेतीत मोडतं का, हा प्रश्न आधी एसएडीसीकडे जातो आणि वेळ वाढतो. मंडळाच्या निर्णयावर 10 दिवसांत एसएडीसीकडे अपील, त्यानंतर अपील कोर्ट.

‘फार त्रास होतो’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, किती वेळ, काय काम चालू होतं, हे लिहून ठेवा. फोटोत शेताची हद्द दिसू द्या.

फवारा तुमच्या अंगणात आला तर मंडळाची वाट पाहू नका. पर्यावरण खात्याच्या कीटकनाशक विभागाला त्याच दिवशी कळवा, कारण पानावरचा अंश ऊन-पावसाने कमी होतो. पानं धुऊ नका. औषधाच्या लेबलवरच्या सूचना मोडणं हा कायदेभंग आहे, आणि कायदा मोडणाऱ्याला हे कवच नाही. बांधकाम संहितेतून सुटका या कायद्याने मिळत नाही. शेतावर दर शनिवारी डीजे लावून लग्नं होत असतील तर तीही आपोआप शेतीत मोडत नाहीत. तिथे टाउनशिपकडे विचारणा जरूर करा.

तुम्हीच 6 एकर घेत असाल तर

जमिनीवरचा कमी कर बघून हुरळू नका. आधीचा मालक गवत विकून करसवलत घेत असेल आणि तुम्ही ती जमीन शेतीऐवजी दुसऱ्या वापराला लावली, तर चालू वर्षाचा आणि मागच्या दोन वर्षांचा फरकाचा कर भरावा लागतो. तो कोण भरणार, हे करारातच लिहून घ्या.

तपासणीच्या दिवशी भूखंडाचा ब्लॉक आणि लॉट क्रमांक आणि सर्व्हेची प्रत सोबत आणा.