मोरूच्या मावशीचं माहेर

'मोरूची मावशी' ज्या इंग्रजी प्रहसनावरून अत्र्यांनी बेतलं, त्या 'चार्लीज आँट'चा पहिला प्रयोग लंडनला झाला असेल असंच आपण धरून चालतो. तो झाला सफक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स या बाजारपेठेच्या गावी, थिएटर रॉयलमध्ये. तारीख होती २९ फेब्रुवारी १८९२. पुढे लंडनमध्ये या नाटकाचे १,४६६ प्रयोग झाले.

नाट्यगृह त्याहून बरंच जुनं, १८१९ सालचं. ते बांधणारा विल्यम विल्किन्स पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीचा वास्तुरचनाकार म्हणून नावाजला. पण त्याला नाटकधंद्याचीही चांगली जाण होती. नॉर्विच, केंब्रिज, इप्सविच, यार्मथ अशा गावांतल्या नाट्यगृहांचा कारभार त्याच्याकडे वडिलांकडून आला होता. एकच कंपनी या गावांत पाळीपाळीनं मुक्काम करायची आणि बरीला पोचायची ती शरदातल्या जत्रेच्या वेळी. जत्रा आणि नाटक यांचं नातं मराठी प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती आतली रचना. खाली पिटातली बाकं, भोवती घोड्याच्या नालेसारखे वळलेले बॉक्स, त्यांच्यावर गॅलरी. रंगमंच कमानीच्या पुढे थेट प्रेक्षकांत शिरलेला, आणि त्या पुढच्या भागावर यायला नटांसाठी दोन्ही बाजूंना दारं. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे प्रेक्षागृहातही जळत राहायचे. त्यामुळे नटाला समोरचा चेहरा दिसे, पिटातल्याला बॉक्समधली मंडळी दिसत, आणि एखादं वाक्य पडलं की रुचलं हे तिथल्या तिथे कळे. आज दिवे मालवून अंधारात बसणाऱ्या आपल्याला त्या उजेडाची कल्पना करायला थोडा वेळ लागतो.

१९२५ मध्ये पडदा पडला. जागा मालक असलेल्या ग्रीन किंग या बिअर कंपनीनं तिथं पिंपं ठेवली, आणि चाळीस वर्षं ते गोदामच राहिलं. मन विषण्ण करणारी गोष्ट, पण माझ्या मते वास्तू वाचली ती याच पिंपांमुळे. इतर कित्येक गावांतली अशी नाट्यगृहं पाडून तिथं दुसरं काही उभं राहिलं.

गावकऱ्यांनी पैसा जमवून १९६५ मध्ये तिसरी घंटा पुन्हा वाजवली. १९७५ मध्ये वास्तू दीर्घ भाडेपट्ट्यानं नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेली. २००७ मध्ये पूर्ण झालेल्या डागडुजीत पिटातली बाकं, पुढे आलेला रंगमंच आणि नटांची दारं परत आली. पिंपं ठेवणारी ती बिअर कंपनी आजही त्याच रस्त्यावर आहे.