भागाकाराच्या खुणेनं जोडलेला पाथ

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फोल्डरच्या आतलं फोल्डर आणि त्याच्या आतली फाइल सांगायची, तर आज ओळ अशी लिहितात:

घर / 'हिशेब' / 'मार्च'

'घर' हे व्हेरिएबल, म्हणजे मूल्याला दिलेलं नाव. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलेलं खरंच चालतं, ऑफिसात कुणी ठेवत नाही, हा भाग वेगळा.) मधली तिरपी रेघ शाळेत भागाकाराची असते, इथं ती जोडते. नवशिके इथं हमखास थबकतात. ही सोय भाषेत २०१४ साली आली, म्हणजे पायथन पहिल्यांदा लोकांसमोर आल्यानंतर तेवीस वर्षांनी. एवढा उशीर झाला, कारण पाथ, म्हणजे फाइलपर्यंतचा पत्ता, दिसायला साधा मजकूर असतो. सगळ्यांनी त्याला मजकूरच धरलं आणि वर्षानुवर्षं त्याची किंमत मोजली.

फोल्डरात फोल्डर ही कल्पना मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यातली. रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांच्या १९६५च्या निबंधात मुळापासून फांद्या फुटत जाणारी फाइलींची रचना मांडलेली आहे. मल्टिक्समध्ये दोन नावांच्या मध्ये > ही खूण येई आणि एक पायरी वर जायचं तर <. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स या प्रणालीची सुरुवात केली. गंमत म्हणजे त्या पहिल्या युनिक्समध्ये डिरेक्टरी (म्हणजे फोल्डर) होती, पण पाथ नव्हता. फाइलचं नाव म्हणजे एक सुटं नाव, आणि ते चालू डिरेक्टरीतच शोधलं जाई. फाइल दुसरीकडे असेल तर एक तर तिथं जायचं, नाहीतर तिची लिंक इथं आणून ठेवायची. तिरप्या रेघांनी जोडलेला लांबलचक पाथ युनिक्सला मिळाला तो पुढच्या, पीडीपी-११ वरच्या आवृत्तीत.

डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची, कथा उलटी. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरीच नव्हत्या. फ्लॉपीवर मावून मावणार तरी किती फाइली? १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला आणि त्याच्याबरोबरच्या डॉस २.० मध्ये युनिक्सच्या धर्तीवर डिरेक्टरी आल्या. पण तोवर / ही खूण आज्ञेच्या मागे पर्याय जोडायला वापरात होती: फ्लॉपी फॉरमॅट करताना /एस लिहिलं की प्रणालीच्या फाइलीही तिच्यावर जात. लोकांच्या सवयी मोडायच्या नव्हत्या, म्हणून पाथसाठी रेघ उलटी केली. आत, प्रणालीच्या पोटात, दोन्ही रेघा चालत होत्या आणि विंडोजमध्ये आजही बहुतेक ठिकाणी चालतात. म्हणजे पुढच्या चाळीस वर्षांची कटकट आज्ञा टाइप करण्याच्या एका सवयीपायी.

कटकट अशासाठी, की सी भाषेत आणि तिच्या वळणावर गेलेल्या बहुतेक भाषांत स्ट्रिंगमधली (म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुरातली) उलटी रेघ ही विशेष अक्षराची चाहूल असते. तिच्यापुढे इंग्रजी टी आला की टॅब, एन आला की नवी ओळ. 'टेम्प' नावाच्या फोल्डरचा पाथ इंग्रजीत सरळ लिहून टाकला, तर त्याचा टी टॅबमध्ये गडप होतो आणि फाइल सापडत नाही. पायथन ३ आल्यावर यात आणखी एक भर पडली. स्ट्रिंग युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांच्या एकाच अक्षरसंचाच्या) झाल्या, मग उलट्या रेघेपुढचा मोठा यू हा आठ आकडी कोड पॉइंटची, म्हणजे युनिकोडमधल्या अक्षराच्या क्रमांकाची, सुरुवात ठरला. विंडोजवर प्रत्येकाचं घर 'यूजर्स' या फोल्डरात! साहजिकच हजारो नवशिक्यांची ओळख या भाषेशी झाली ती युनिकोडबद्दलच्या एका दुर्बोध एररने. स्ट्रिंगच्या आधी आर लावला की उलटी रेघ साधी रेघ राहते. पण अशा स्ट्रिंगच्या शेवटी एकटी उलटी रेघ येऊ शकत नाही. म्हणजे औषधालाही पथ्य आहेच.

१९९१ मध्ये खिदो फान रॉस्सुम यांचं पायथन बाहेर पडलं. पाथच्या भानगडीवर पायथनने शोधलेला तोडगा व्यवहारी होता. युनिक्ससाठी एक मॉड्यूल (तयार कोडचा गठ्ठा), विंडोजसाठी दुसरं, जुन्या मॅकसाठी तिसरं (त्या मॅकवर नावांच्या मध्ये चक्क अपूर्णविराम असे), आणि ज्या यंत्रावर प्रोग्राम चालेल तिथलं मॉड्यूल 'ओएस.पाथ' या नावाने समोर येणार. स्ट्रिंग द्या, स्ट्रिंग घ्या. यात एक खाच आहे, ती जवळून पाहण्यासारखी. 'हिशेब' आणि 'मार्च' त्यातल्या जॉइन या जोडणाऱ्या फंक्शनला दिले की 'हिशेब/मार्च' मिळतं. पण 'हिशेब' आणि '/मार्च' दिले, तर मिळतं नुसतं '/मार्च'. पहिला भाग बिनबोभाट गायब. नियम चुकीचा नाही: सुरुवातीची तिरपी रेघ म्हणजे मुळापासूनचा पत्ता, मग आधीचं सगळं रद्द. मात्र दुसरा भाग वेबसाइटवर कुणा अनोळखी माणसाने टाइप केलेला असेल, तर तो आपल्या फोल्डरातून निसटून सर्व्हरवर कुठंही पोचतो. नव्या पद्धतीच्या भागाकाराच्या खुणेतही हाच नियम कायम आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं.

पाथसाठी स्वतंत्र ऑब्जेक्ट असावा, ही मागणी जुनी. जेसन ओरेन्डॉर्फ यांचं एका फाइलचं छोटं मॉड्यूल लोक आवडीने वापरत होते. त्याच्या आधारे २००६ मध्ये पेप ३५५ हा औपचारिक प्रस्ताव आला आणि फेटाळला गेला. त्यातला पाथ स्ट्रिंगच्याच क्लासवर (ऑब्जेक्टच्या साच्यावर) बेतलेला होता आणि फाइलींशी संबंध असलेलं जे जे म्हणून होतं, ते सगळं त्या एकाच क्लासमध्ये कोंबलं होतं. नकार मला योग्य वाटतो. पाथला कॅपिटल अक्षरांत बदलण्याची किंवा दोन पाथ अधिकच्या चिन्हाने चिकटवण्याची सोय हवी तरी कशाला?

अंत्वान पित्रू यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पेप ४२८ ने हाच धडा घेतला. त्यांनी स्ट्रिंगशी नातं तोडलं आणि पाथचे दोन थर केले. एक नुसता हिशोबाचा, डिस्कला हात न लावणारा. त्यामुळे लिनक्सवर बसूनही विंडोजचा पाथ उलगडता येतो. दुसरा डिस्कवर जाऊन खरोखर फाइल उघडणारा. मार्च २०१४ मध्ये पायथन ३.४ बरोबर 'पाथलिब' आलं ते हे.

आलं, पण रुळेना. फाइल उघडायचं पायथनचं स्वतःचं ओपन हे फंक्शनच हा नवा ऑब्जेक्ट घेत नव्हतं! प्रत्येक ठिकाणी त्याला परत स्ट्रिंग करून द्यावं लागे. तेवढ्यासाठी स्ट्रिंगचा क्लासच वापरायला हवा होता, हा वाद पुन्हा पेटला. अखेर ब्रेट कॅनन आणि कूस झेवेनहोवेन यांच्या पेप ५१९ ने मधला मार्ग काढला: जो ऑब्जेक्ट ठरलेल्या एका मेथडमधून आपला पाथ सांगू शकतो, तो प्रमाणित लायब्ररीत पाथ म्हणून चालेल. डिसेंबर २०१६ मध्ये ३.६ आलं आणि पाथलिब खऱ्या अर्थाने वापरात आलं.

आपल्याला जास्त जवळची गोष्ट वेगळीच आहे. विंडोजच्या नेहमीच्या जुन्या, युनिकोडपूर्व कोड पेजांमध्ये (कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे सांगणाऱ्या तक्त्यांमध्ये) देवनागरीला जागाच नव्हती. त्यामुळे पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगने फोल्डरची यादी मागितली, की मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग यायची. स्ट्रिंगच्या आधी यू लावला की तीच नावं नीट दिसायची. लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट. पायथन ३.० मध्ये ज्या नावांचे बाइट उलगडत नसत, ती नावं यादीतून गुपचूप गळत. २००९ मध्ये ३.१ आलं, त्यात पेप ३८३ ने असे बाइट युनिकोडच्या एका राखीव कप्प्यात झाकून ठेवून जसेच्या तसे परत देण्याची युक्ती काढली. लिनक्सवर एका नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये मांडायची पद्धत) मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइट खातो. एकट्या 'महाराष्ट्र' शब्दाचे तीस. पंच्याऐंशी कोड पॉइंटनंतर नाव संपलं.

आणि एक चावरं अक्षर आहे: ऱ. युनिकोडमध्ये ते एका कोड पॉइंटने लिहिता येतं, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असं दोन कोड पॉइंटनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नाव साठवताना ते सुटं करून ठेवायची. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस जसं दिलं तसं ठेवते. माझ्या ओळखीतल्या एकाने जुन्या मॅकवरचं 'दुसऱ्या सहामाहीचे हिशेब' हे फोल्डर लिनक्सवर उतरवलं आणि त्याची स्क्रिप्ट 'असं फोल्डरच नाही' म्हणत बसली. पाथलिब यात काही करत नाही, ते नाव मिळेल तसं पुढे देतं. युनिकोडडेटा या मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी करणारं फंक्शन, आपणच चालवायचं. त्याने शेवटी दोन्हीकडच्या पहिल्या शब्दाची लांबी छापून पाहिली. स्क्रिप्टमध्ये टाइप केलेलं 'दुसऱ्या' सात, डिस्कवरचं आठ.