बाँड्सचे ७३, रूथचे ५४ आणि नेहमीची गल्लत

बेसबॉलच्या गप्पांत कुणीतरी हमखास म्हणतं, "एका मोसमात बॅरी बाँड्सचे ७३ होमरन, बेब रूथचे फार तर ६०. विषय संपला." विषय सुरूही झालेला नसतो. किती होमरन (चेंडू कुंपणापलीकडे धाडणारे फटके) मारले आणि इतरांच्या किती पुढे होता, या दोन गोष्टींचा इथे काला केलेला असतो. (होमरनला 'षटकार' म्हणणाऱ्यांशी मी बोलतच नाही.)

किरकोळ फरक आधी उरकतो. १९६१ साली अमेरिकन लीगचा (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतल्या दोन लीगपैकी एक) मोसम १५४ सामन्यांवरून १६२ वर गेला, पण आठ जादा सामन्यांत तेरा होमरन निघत नाहीत. कारकिर्दीचा हिशेब निराळाच: हँक आरनचे एकूण ७५५, पण एकाही मोसमात ४७ च्या वर नाही.

आता १९२० घ्या. रूथचे ५४. लीगमध्ये दुसरा आला जॉर्ज सिसलर, १९ वर. सिसलरच्या अख्ख्या सेंट लुईस संघाचे मिळून ५०! २००१ मध्ये मात्र ७३ मारणाऱ्या बाँड्सच्या मागे सॅमी सोसा ६४ वर आणि लुइस गोन्झालेस ५७ वर होते. त्या वर्षी सगळेच मारत होते.

"म्हणजे रूथ जास्त ताकदवान," असं लगेच म्हणू नका. इथेच दुसरी फसगत आहे. हे अंतर जितकं रूथचं, तितकंच बाकीच्यांचंही. तेव्हाचे बहुतेक फलंदाज बॅट आखूड धरून चेंडू मोकळ्या जागेत ढकलायचे, कारण ते तेच शिकले होते. रूथ मूठ पार टोकाला धरून सगळं अंग झोकून द्यायचा. मळका, मऊ पडलेला चेंडू तासन् तास खेळात राहायचा त्या १९१९ मध्येही त्याने २९ मारले होते. शिवाय कृष्णवर्णीय खेळाडूंना, म्हणजे पिचरनाही (चेंडू टाकणाऱ्यांनाही), मेजर लीगची दारं बंद होती. ती १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनपासून उघडली. म्हणून रूथ त्याच्या काळाच्या पुढे होता एवढंच सिद्ध होतं. २००१ चा पिचर त्याला झेपला असता की नाही, हे त्या ५४ मधून कळत नाही.

तरी मी अंतरच बघतो. २०२२ मध्ये ॲरन जजचे ६२. अमेरिकन लीगमध्ये दुसरा माइक ट्राउट ४० वर, दोन्ही लीग धरल्या तरी काइल श्वार्बर ४६ वर. हा मोसम मी ७३ च्या वर लावतो, आणि त्यावर भांडायची तयारी आहे.