दुहेरी परवाना (संगणकप्रणाली)

मुक्त स्रोत संहितेवर (सर्वांना खुल्या असलेल्या प्रोग्रामच्या मूळ मजकुरावर) उभारलेल्या प्रणालीची संहिता गुप्त ठेवता यावी म्हणून मूळ हक्कधारकाला स्वामित्वधन देण्याची पद्धत. एकच संहिता दोन वाटांनी मिळते : जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) सारख्या परवान्याने फुकट, पण आपलीही संहिता उघडी करण्याच्या अटीवर, किंवा पैसे मोजून, त्या अटीविना.

सावदा-रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाची प्रणाली लिहिणाऱ्या जळगावच्या प्रोग्रामरला हा प्रश्न साध्या पट्टीपाशी (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबापाशी) भेटू शकतो. शेतकऱ्याची पट्टी पीडीएफमध्ये काढायला त्याने आयटेक्स्ट ही लायब्ररी (तयार संहितेचा संच) घेतली असे धरू. तिचा फुकट परवाना २००९ पासून एजीपीएल, म्हणजे जीपीएलचाच अधिक कडक प्रकार, आहे. ती जोडलेली प्रणाली पाच पेढ्यांत बसवली, की त्या पाचही जणांना सगळी मूळ संहिता त्याच परवान्याने द्यावी लागते. संहिता जगजाहीर करावी लागते ही समजूत मात्र चुकीची; ज्याला प्रणाली दिली त्याला संहिता मिळाली की पुरे. पण तो ती पुढे कोणालाही देऊ शकतो, आणि विकून पोट भरणाऱ्याची खरी अडचण तीच. तेव्हा पैसे मोजून दुसरा, व्यापारी परवाना घ्यायचा. जीपीएलची संहिता स्वतःच्याच पेढीत वापरली तर कोणाला काही देणे लागत नाही. एजीपीएलमध्ये बदललेली प्रणाली नेटवरून वापरू दिली तरी अट लागू होते.

स्वीडनच्या मायएसक्यूएल या डेटाबेस कंपनीने २००० मध्ये जीपीएल स्वीकारून याच पद्धतीवर धंदा वाढवला. २००८ मध्ये सन कंपनीने तिला सुमारे १०० कोटी डॉलरना घेतले. नॉर्वेत घडलेली क्यूटी ही प्रोग्रामचे पडदे रचण्याची लायब्ररी हे दुसरे ठळक उदाहरण.

असा परवाना संपूर्ण संहितेचा हक्कधारकच विकू शकतो. म्हणून कंपन्या बाहेरच्या योगदात्यांकडून आधी हक्कांचा करार लिहून घेतात. लिनक्स या मुक्त कार्यकारी प्रणालीच्या गाभ्याचे हक्कधारक हजारो असल्याने तिथे ही सोय नाही. एमआयटी, बीएसडी या संहिता उघडी करण्याची अट नसलेल्या परवान्यांत ती लागतच नाही. जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनाही ही विक्री मान्य आहे, आणि ते रास्तच आहे : घेणाऱ्याने संहिता तरी द्यावी, नाहीतर दाम.

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार परवाना लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. केळी आखातात पाठवणाऱ्या निर्यातदाराच्या तिथल्या कार्यालयात प्रणाली बसवायची असेल, तर त्या देशाचे नाव परवान्यात आधीच घालून घ्यावे.