पाठीवरचा टॉवेल आणि एक जुना गैरसमज

लहान मुलांना सुपरहिरो खराच वाटतो, म्हणून असे काही त्यांना दाखवूच नये, हा समज १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाल्यापासून पुण्यातल्या पेठांपासून कोथरूडच्या सोसायट्यांपर्यंत टिकून आहे. तो जेमतेम अर्धा खरा आहे. मानसशास्त्रज्ञ डीना स्कोल्निक आणि पॉल ब्लूम यांच्या २००६ मधील अभ्यासात लहान मुलांनी बॅटमॅन काल्पनिक असल्याचे तर सांगितलेच, शिवाय बॅटमॅनच्या दृष्टीने त्याचा साथीदार रॉबिन खरा, पण दुसऱ्याच कार्टूनमधला स्पंजबॉब मात्र काल्पनिक, असा (मोठ्यांनाही क्षणभर थबकायला लावणारा) भेदही केला.

नक्कल करताना मुलाला इजा होण्याचा धोका आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. पाठीला टॉवेल बांधलेल्या चार वर्षांच्या मुलाला हा खेळ आहे हे बहुधा ठाऊक असते. मात्र गॅलरीची उंची आणि स्वतःची ताकद यांचा अंदाज त्याला नसतो आणि खेळाच्या भरात ऊर्मी आवरत नाही. त्यामुळे ‘हे सगळे खोटे असते’ एवढे बजावून भागत नाही. ग्रिल आणि मोठ्यांची नजर हवीच. उडण्यामागची युक्ती समजावायची असेल, तर गणेशोत्सवात एखाद्या मंडळाच्या हलत्या देखाव्यामागची मोटार, कार्यकर्त्यांना विचारून, मुलाला दाखवावी. पडद्यावरचा नायकही अनेकदा तारेने उचललेला असतो आणि ती तार नंतर संगणकावर पुसतात, हे मग त्याला सहज पटते.