मिरगाची चाहूल: कोल्हापूरकर पावसाच्या खुणा कसे वाचत आले

राधानगरी, गगनबावड्याकडे भाताची धूळवाफ पेरणी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या अखेरीस, कोरड्या रानातच उरकतात. बी एकदा मातीआड गेलं की पुढचं सगळं मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या पावसाच्या हवाली. पाऊस ताणला तर दुबार पेरणी, आणि घरात तेवढं बियाणं असेलच असं नाही. आभाळ, पाखरं, किडामुंगी यांच्याकडे डोळे लावून बसायची सवय या धास्तीतून लागली.

या विद्येची लेखी परंपराही जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेची लक्षणं दिली आहेत: वारा, ढगांचा रंग, चंद्र-सूर्याभोवतालचं खळं. गर्भ धरल्यापासून 195 दिवसांनी पाऊस, असा त्याचा हिशेब. गावोगावी मात्र चालली ती सहदेव-भाडळी या लोकपरंपरेतल्या ज्योतिषांच्या नावावरची वचनं आणि नक्षत्रांची तोंडी उजळणी. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पावसाचं नक्षत्र लागतं ते सूर्य त्यात शिरला की, आणि सूर्याचा हा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. वराहमिहिराच्या काळी मृग आजच्यापेक्षा साधारण तीन आठवडे आधी लागायचा. आजच्या तारखांना जुळणारी वचनं तेव्हाची असूच शकत नाहीत. ती पुढच्या पिढ्यांनी पाऊस बघत बघत घडवली. मला या विद्येचं खरं मोल इथे दिसतं.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाहन म्हणून देतात, त्याचं तसं नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 ने भागायचं. बाकी 3 उरली तर बेडूक, 7 तर म्हैस, शून्य तर हत्ती, आणि या तिन्हींना भरपूर पाऊस. यात आभाळाकडे एकदाही बघावं लागत नाही. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते, भंडाऱ्याच्या उधळणीत पाऊसपाणी आणि पिकांचं भविष्य सांगितलं जातं. ती श्रद्धेची बाब आहे, तिला निसर्गवाचनाच्या पंगतीत बसवू नये.

बघून शिकायच्या खुणा वेगळ्या. चातक आफ्रिकेकडून मान्सूनच्या वाऱ्यांसोबत येतो, त्यामुळे त्याच्या येण्याला अर्थ आहे. लाल मखमली मिरगाचा किडा पावसाचं भाकीत करत नाही. पहिल्या सरींनी माती पुरेशी भिजली की तो वर येतो. ओल किती खोल गेली हे रान उकरायच्या आधी तो सांगतो, आणि पेरणाऱ्याला भाकितापेक्षा ही साक्ष जास्त उपयोगी.

सरकारी हवामान खातं 1875 सालचं. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर मान्सूनचा आगाऊ अंदाज देण्याची निकड वाढली आणि 1886 पासून, हिमालयातल्या बर्फावरून, तो नियमित निघू लागला.

नदीच्या खुणा मात्र अजून जागेवर आहेत. नृसिंहवाडीला पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविक स्नानाला धावतात, आणि शिरोळच्या नदीकाठाला पाणी कुठवर चढलं ते कळतं. कोल्हापुरात आता पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. त्याच्या जोडीला राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे पावसाळाभर घराघरांत विचारलं जातं.