डीमोले

१२ ते २१ वर्षे वयाच्या मुलांची बंधुसंघटना. अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटी येथे १९१९ साली फ्रँक लँड यांनी तिची स्थापना केली. फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी आणि बंधुभाव जपणाऱ्या एका जुन्या प्रौढ पुरुषांच्या संघटनेचे सभासद, यांचा तिला आधार असतो. मुंबईच्या फोर्टातला फ्रीमेसन हॉल पाहिलेल्यांना फ्रीमेसन हे नाव परके वाटणार नाही. मात्र डीमोलेचा सभासद होण्यासाठी वडील फ्रीमेसन असावे लागत नाहीत, आणि मोठेपणी स्वतः फ्रीमेसन व्हावे असे बंधनही नसते.

संघटनेच्या मुळाशी वडिलांविना राहिलेला एक मुलगा आहे. लँड तेव्हा कॅन्सस सिटीत फ्रीमेसन कुटुंबांना मदत करणारे आणि गरजूंना नोकऱ्या मिळवून देणारे कार्यालय चालवत. लुई लोअर या मुलाचे वडील वारले होते. तेही फ्रीमेसन होते. लँडनी लुईला अर्धवेळ काम दिले. बोलता बोलता त्याला वडीलधाऱ्या माणसाचा सहवास किती हवा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. तुझ्या मित्रांनाही घेऊन ये, असे त्यांनी सांगितले. लुई आठ मित्रांना घेऊन आला आणि या नऊ जणांपासून संघटना उभी राहिली. लँड अखेरपर्यंत, म्हणजे १९५९ साली निधन होईपर्यंत, तिच्या कामात राहिले. मुले त्यांना ‘डॅड’ म्हणत. शाखेच्या प्रौढ सल्लागारांना ‘डॅड’ म्हणण्याची रीत आजही आहे.

संघटनेला नाव मिळाले ते झाक द मोले या टेंपलर सरदारांच्या (मध्ययुगातील ख्रिस्ती लढवय्या संन्याशांच्या पंथाच्या) शेवटच्या महाप्रमुखावरून. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने १३०७ साली टेंपलरांची धरपकड केली आणि मार्च १३१४ मध्ये पॅरिसमध्ये सेन नदीच्या बेटावर द मोलेला जिवंत जाळले. सोबत्यांचा विश्वासघात न करणारा वीर म्हणून मुलांना तो भावला. इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. कैदेत त्याने आधी कबुलीजबाब दिला होता, नंतर तो मागे घेतला आणि त्याचीच किंमत मोजली. मध्ययुगीन टेंपलरांशी या संघटनेचे नाते नावापुरते आहे, परंपरेचे नाही. तरीही १८ मार्च हा त्याच्या मृत्यूचा दिवस संघटना आपला स्थापनादिन म्हणून पाळते.

विधींची संहिता फ्रँक मार्शल या पत्रकाराने लिहिली. त्यात सात सद्गुण आहेत: आईवडिलांवरील प्रेम, पवित्र गोष्टींविषयी आदर, सौजन्य, सोबत्यांशी बंधुभाव, निष्ठा, शुचिता आणि देशप्रेम. सात मेणबत्त्या या सात गुणांच्या खुणा मानल्या जातात. वेदीवर बायबलबरोबर शाळेची पुस्तकेही ठेवतात. शिक्षणाला दिलेला हा मान मुद्दाम नोंदवण्याजोगा आहे. दीक्षाविधी गुप्त असतो, पण काही समारंभ सर्वांना पाहता येतात. त्यांतला सर्वांत हृद्य समारंभ आईसाठीचा. या ‘पुष्पभाषणा’त आई हयात असलेला मुलगा लाल फूल घेतो आणि आई गेलेला मुलगा पांढरे.

शाखा मुलेच चालवतात आणि संघटनेचे खरे बळ यातच आहे. ती आपल्यातूनच मास्टर कौन्सिलर आणि त्याच्या हाताखालचे दोन कौन्सिलर निवडतात, सभा घेतात, ठराव करतात, खर्चाचा हिशेब ठेवतात. संहितेतील लांबच लांब भाषणे पाठ करून सभेपुढे म्हणावी लागतात. चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारा मुलगाही अशाने सरावतो. सल्लागार मंडळ देखरेख ठेवते, पण अध्यक्षाची खुर्ची मुलाची असते. सभासदाची ईश्वरावर श्रद्धा असावी अशी अट आहे. धर्म कोणता, हे विचारले जात नाही. सुरुवातीला प्रवेशाचे वय अधिक होते, पुढे ते टप्प्याटप्प्याने कमी होत १२ वर आले. एकविसावे वर्ष पूर्ण झाले की सक्रिय सभासदत्व संपते आणि तो ‘सीनियर डीमोले’ होतो.

पहिल्या शाखेला ‘मदर चॅप्टर’ म्हणतात. वॉल्ट डिस्ने १९२० साली याच शाखेत दाखल झाला. तेव्हा तो कॅन्सस सिटीत चित्रकलेवर पोट भरू पाहणारा अठरा वर्षांचा पोरगा होता. अभिनेता जॉन वेन आणि राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन हेही किशोरवयात सभासद होते. अमेरिकेबाहेर फिलिपीन्समध्ये संघटना चांगली रुजली. ब्राझीलमध्ये ती १९८० साली रिओ द जानेरोत सुरू झाली आणि तिथे तिला मोठा सभासदवर्ग मिळाला.

मुलींसाठी अशाच धर्तीवर ‘जॉब्ज डॉटर्स’ (१९२०) आणि ‘रेनबो गर्ल्स’ (१९२२) या संघटना निघाल्या.